परभणी जिल्ह्यातील तृतीयपंथीयांसाठी मोफत विधी साहाय्य

तृतीयपंथीयांसाठी मोफत विधी साहाय्य म्हणजे दारिद्र्य, जात किंवा सामाजिक बहिष्कारामुळे न्यायालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींना शासनखर्चाने मिळणारा वकील, कायदेशीर सल्ला व कागदपत्रांविषयीची मदत होय. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील परभणी जिल्ह्यात हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका पातळीवरील विधी सेवा समित्या यांच्या कक्षेत येते.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाने १३२९ फसली साली (इ.स. १९१९) तृतीयपंथीयांविषयी स्वतंत्र कायदा केला होता. हैदराबाद शहरात व सरकार जाहीर करील अशा इतर ठिकाणी संशयित तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद त्यात होती. स्त्रीवेश परिधान करणे किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचगाणे करणे यांवरून विनावॉरंट अटक करता येत असे. तेलंगणात हा कायदा पुस्तकात कायम राहिला आणि जुलै २०२३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. कायदा हे संरक्षण नसून पाळत ठेवण्याचे साधन आहे, असा अनुभव या समाजाने दीर्घकाळ घेतला आहे.

२०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात प्रथमच ‘इतर’ हा पर्याय होता. भारतात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद या पर्यायाखाली झाली.

घटनात्मक व कायदेशीर आधार

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-अ समाविष्ट झाला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायापासून वंचित राहू नये, यासाठी मोफत विधी साहाय्य देण्याचे कर्तव्य त्याने राज्यावर सोपवले. त्यानुसार विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

याच अधिनियमाखाली स्थापन झालेले राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण (नाल्सा) २०१२ साली तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी स्वतः याचिकाकर्ते म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. ठाण्याच्या कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी या खटल्यात हस्तक्षेप अर्ज केला होता. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन व न्या. ए. के. सिक्री यांनी निकाल दिला. आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क त्यांनी मान्य केला आणि तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजण्याचे निर्देश दिले.

पात्रता

१९८७ च्या अधिनियमातील कलम १२ मध्ये मोफत साहाय्यास पात्र असलेल्यांची यादी आहे. मूळ यादीत तृतीयपंथीयांचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे अर्जदाराला प्रायः पुढीलपैकी एखाद्या गटातून साहाय्य मागावे लागते :

• अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती. येथे उत्पन्नाची अट नाही.
• मानवी व्यापार किंवा वेठबिगारीला बळी पडलेली व्यक्ती.
• पोलिसांच्या किंवा न्यायालयीन कोठडीत असलेली व्यक्ती.
• स्त्री किंवा बालक.
• विहित मर्यादेपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेली व्यक्ती.

उत्पन्नाबाबत कलम १३ नुसार प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. घर सोडावे लागल्याने शिधापत्रिका किंवा उत्पन्नाचा दाखला जवळ नसलेल्या व्यक्तींसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. दलित तृतीयपंथी व्यक्तीला जातीच्या आधारे थेट हक्क मिळतो. मात्र त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि तो बहुधा सोडलेल्या कुटुंबाच्या कागदपत्रांवर अवलंबून असतो.

साहाय्याचे विषय

तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याच्या मूळ तरतुदींनुसार ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हा दंडाधिकारी देतात. परभणीत हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. अर्ज भरणे, प्रतिज्ञापत्र करणे आणि नंतर इतर कागदपत्रांवरील नाव व लिंग बदलून घेणे यांत विधी स्वयंसेवक मदत करू शकतात.

कलम ३ शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा व भाड्याचे घर यांबाबतच्या भेदभावास मनाई करते. कलम १२ कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क देते. घरातून किंवा गावातून हुसकावून लावणे, वेठबिगारी करवून घेणे व शारीरिक वा लैंगिक छळ हे कलम १८ खाली गुन्हे असून त्यांस ६ महिने ते २ वर्षे कारावास व दंडाची शिक्षा आहे. लैंगिक अत्याचारासाठी ठरवलेली ही कमाल शिक्षा स्त्रियांवरील अशाच गुन्ह्यांच्या तुलनेत फार कमी असल्याची टीका होते.

न्यायालयीन दाखले

परभणी जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत स्त्रियांसाठी राखीव जागेवरील अंजली गुरू संजना जान यांचा अर्ज त्या तृतीयपंथी असल्याच्या कारणावरून नाकारला गेला होता. २ जानेवारी २०२१ रोजी याच खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवण्याची मुभा दिली आणि पुढे त्या निवडून आल्या. हा निकाल विधी साहाय्याविषयी नाही. तरीही पारलिंगी स्त्रीला ‘स्त्री’ या गटातून साहाय्य मागताना त्याचा आधार घेता येतो.

कार्यपद्धती

जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हा न्यायाधीशांकडे असते. अर्ज परभणी येथील जिल्हा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या न्यायालयातील समितीकडे करता येतो. अर्ज मंजूर झाल्यास पॅनेलवरील वकील नेमला जातो आणि न्यायालयीन शुल्क व वकिलाची फी अर्जदाराला द्यावी लागत नाही. १५१०० हा नाल्साचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तडजोडयोग्य वाद लोक अदालतीत मिटवता येतात. तिचा निवाडा अंतिम असून त्यावर अपील नाही. २०१८ साली नागपूरच्या लोक अदालतीत विद्या कांबळे यांची पॅनेल सदस्य म्हणून नेमणूक झाली. हा मान मिळवणाऱ्या त्या महाराष्ट्रातील पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती ठरल्या.