अनुत्तीर्ण विद्यार्थी आणि शिक्षकाचे मन

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एखाद्या मुलाच्या नावापुढे ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा लिहावा लागतो, तेव्हा शिक्षकाचे मन स्वस्थ राहत नाही. शिक्षणहक्क कायद्यान्वये १ एप्रिल २०१० पासून आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवता येत नव्हते. २०१९ ची दुरुस्ती व तदनुसार २०२३ साली राज्याने बदललेले नियम यांमुळे पाचवी व आठवीपुरता हा प्रसंग पुन्हा आला आहे.

प्रथम येतो तो राग: ‘इतके शिकविले, तरी याला येत नाही!’ त्यामागोमाग लाज: साहेब काय म्हणतील, गाव काय म्हणेल? शेवटी कीव येते आणि हात सैल होऊन दोन गुण अधिक पडतात. या तिन्ही भावना स्वाभाविक आहेत. परंतु तिन्हींच्या भरात मुलाची चूक पाहावयाचे राहून जाते.

पाचवीतील एक मुलगा ५२ मधून २७ वजा करून ३५ असे उत्तर लिहितो. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. दशक सुटा करण्याची पायरी त्यास ठाऊकच नाही. पाथर्डी-शेवगावकडे असे मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीस जाणारे असू शकते; खालच्या वर्गात ती पायरी शिकविली गेली, तेव्हा ते उसाच्या फडावर असेल. त्यावर रागावून काय साधणार? आणि वाढीव गुण देऊन पुढे ढकलले, तर भागाकारापाशी ते पुन्हा अडेल.

निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा व तत्पूर्वी जादा अध्यापन, अशी कायद्याची योजना आहे. या अवधीसाठी प्रत्येक मुलाच्या नावापुढे गुणांऐवजी अडलेली पायरी लिहून ठेवावी. त्यास एकट्यास जवळ बसवून ‘हे कसे केलेस?’ असे विचारावे. दहा काड्यांची जुडी सोडून दशक सुटा करून दाखवावा. अनुत्तीर्णांची नावे वर्गासमोर वाचू नयेत.

प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणाही मुलास शाळेतून काढता येत नाही. पण अपमानित झालेले मूल आपण होऊन शाळा सोडते. जूनमध्ये ते पुन्हा शाळेच्या दारात उभे राहील की नाही, हे पुष्कळदा निकालाच्या दिवशी गुरुजी वा बाई त्याच्याशी काय बोलल्या, यावरच ठरते.