मुरलेलं तंत्रज्ञान, ताजा खेळ

मागच्या चर्चेत प्रश्न आला होता: नवं काही घडवायचं तर सर्वांत नवं तंत्रज्ञान हाताशी हवंच का? आज आपण हा प्रश्न गुनपेई योकोई या जपानी अभियंत्याच्या कामातून तपासून पाहू.

योकोई १९६५ साली निन्टेन्डोत लागले. क्योटोची ही कंपनी तेव्हा पत्ते बनवायची आणि योकोईंकडे तिथल्या यंत्रांची देखभाल होती. रिकाम्या वेळात त्यांनी लांबची वस्तू पकडणारा, लांबणारा-आखडणारा एक हात बनवला. अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला आणि रागावण्याऐवजी विक्रीसाठी तयार करायला सांगितलं. १९६६ सालचा हा ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून अधिक खपला.

पुढे एकदा आगगाडीत योकोईंना एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ घालवताना दिसला. त्या काळात कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीमुळे त्यांचे पडदे आणि चिप स्वस्त झाले होते. तेच भाग वापरून १९८० साली खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ आला.

या विचारपद्धतीला योकोईंनी दिलेल्या नावात ‘कारेता’ असा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ वाळलेलं, सुकलेलं. पण जपानी अभियंते तो वापरून-वापरून पक्क्या झालेल्या तंत्रासाठी वापरतात. मराठीत आपण त्याला ‘मुरलेलं’ म्हणू, लोणच्यासारखं! अशा तंत्राचे दोष कळलेले असतात, किंमत उतरलेली असते. मग त्याचा आजवर कुणी केला नाही असा उपयोग शोधायचा.

याची खरी कसोटी लागली १९८९ च्या ‘गेम बॉय’च्या वेळी. पडदा हिरवट, रंग नाहीत, मागून प्रकाशही नाही. पुढच्याच वर्षी सेगाचा रंगीत ‘गेम गिअर’ आला. पण त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते काही तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. प्रवासातल्या मुलाला रंगापेक्षा खेळ मध्येच बंद न पडणं महत्त्वाचं वाटलं. दोन गेम बॉय जोडणारी केबलही साधीच होती. त्या केबलमधून किडे इकडून तिकडे जात आहेत, अशी कल्पना सातोशी ताजिरी यांना सुचली आणि १९९६ साली, यंत्र सात वर्षांचं जुनं झालेलं असताना, ‘पोकेमॉन’ आला.

मग जुनं आणि स्वस्त वापरलं की झालं का? तसंही नाही. योकोईंच्याच १९९५ च्या ‘व्हर्च्युअल बॉय’मध्ये खर्च वाचवण्यासाठी फक्त लाल दिवे होते. डोळे यंत्रात खुपसून एकट्यानंच बघायचं! ते वर्षभरातच बाजारातून गेलं.

दोन्ही यंत्रांत काटकसर होती. गेम बॉयमध्ये ती खेळणाऱ्याच्या कामी आली, व्हर्च्युअल बॉयमध्ये त्याच्याच डोळ्यांवर आली. म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आपण असं देऊ: सर्वांत नवं तंत्रज्ञान नसलं तरी चालतं, पण ते कुणाच्या हातात, कुठे आणि किती वेळ असणार आहे, हे आधी बघावं लागतं.