वसतिगृहातील खून

नालासोपाऱ्यापासून जवळच असलेल्या अर्नाळ्याचे नाव लावून बाबूराव अर्नाळकरांनी एक सहस्राहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय हे नायक प्रौढ पुरुष. त्यांस सारे शहर मोकळे. परंतु कुमारवयीन वाचकांसाठी खुनाची कथा रचावयाची, तर इतके मोठे रान कामाचे नाही. तेथे वसतिगृहच सोयीचे पडते. रात्री फाटकास कुलूप लागते, घंटेबरहुकूम हजेरी होते. म्हणून कोण केव्हा कोठे होता हे पडताळून पाहता येते, आणि खुनी बहुधा रोज आपल्याच पंगतीस बसणाऱ्यांपैकी निघतो. या कथांतील खरे भय ते हेच. रक्ताचे वर्णन नसले तरी चालते.

अगाथा ख्रिस्ती यांनी १९५९ साली मुलींच्या एका निवासी शाळेत असे कथानक योजिले. टेनिसच्या रॅकेटीत दडविलेली रत्ने तेथील ज्यूलिया ही विद्यार्थिनीच शोधून काढते. उलगड्याचा मान मात्र पॉयरोस मिळतो. मला हा थोडा अन्यायच वाटतो!

आपल्याकडे भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा पुण्याच्या विद्याभवनातील, वसतिगृहात राहणारा मुलगा. २०१७ सालच्या चित्रपटात तो मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस पुण्यास येतो. तेथे नुकतीच ओळख झालेल्या एका परीक्षार्थ्याचा मृत्यू आत्महत्या ठरविला जातो, आणि बनेशास ते पटत नाही. त्याच्यापाशी ना गणवेश, ना अधिकार. ज्याच्याशी आपण बोललो तो मुलगा जिवावर उदार झालेला नव्हता, एवढाच काय तो त्याचा पुरावा.