अन्नाशी वैर आणि मासिक पाळी

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयावरील आपल्या ग्रंथात एका मुलीची हकीकत नोंदवली आहे. अठराव्या वर्षी तिची पाळी थांबली, भूक मंदावली. ती मात्र रात्री जागून पुस्तकांत डोके घालून बसे. पुढे तिचा केवळ सांगाडा उरला व ती दगावली. ताप, खोकला अशी क्षयाची लक्षणे मॉर्टनना दिसली नव्हती. या विकाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव मिळाले ते सुमारे दोनशे वर्षांनी, सर विल्यम गल यांच्याकडून.

पाळी थांबली की घरची मंडळी गर्भाशयाला दोष देतात. या विकारात मूळ असते मेंदूत. तेथील हायपोथॅलॅमस हा भाग ठराविक अंतराने एक संप्रेरक सोडतो. त्याच्या ठेक्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्या आज्ञेने बीजकोशात स्त्रीबीज पक्व होते. शरीरात चरबीची शिल्लक किती, ही बातमी मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ साली सापडले. अन्न तुटले की लेप्टिन घटते आणि ठेका मंदावतो. गर्भ पोसण्याइतकी शिदोरी नसेल तर शरीर तो खर्चच थांबवते म्हणा ना! १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये दुष्काळ पडला तेव्हा कित्येक स्त्रियांची पाळी बंद झाली आणि पुढे जन्मांची संख्या कोसळली. तेथे अन्नच नव्हते. या विकारात ते समोर ताटात असते.

आपल्याकडे तर ‘आज उपास आहे’ म्हटले की कोणी अधिक विचारत नाही. उलट बारीक झाल्याचे कौतुकच होते. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मुद्दाम ओकून टाकण्यात, वजन बहुधा नेहमीसारखेच दिसते. पाळी मात्र अनेकींची अनियमित होते.

गोळ्या घेतल्या की दर महिन्याला रक्तस्राव होतो व घरचे निश्चिंत होतात. पण ती पाळी गोळीची, शरीराची नव्हे. आत इस्ट्रोजेन आटलेले, पोषण अपुरे, आणि ऐन विशीत हाडे विरळ होत असतात. ते नुकसान पूर्ण भरून येतेच असे नाही. तेव्हा डॉक्टरांना पाळीच्या तारखांबरोबर आपण खरोखर काय जेवतो तेही सांगावे. पाळी नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, हा समजही चुकीचा आहे, कारण पाळी परतण्याआधीच स्त्रीबीज सुटू शकते. अशा अशक्तपणात गर्भपाताचा व कमी वजनाच्या मुलाचा धोका वाढतो.

वजन भरून आल्यावर बहुतेकींची पाळी परत येते. काहींना मात्र त्यानंतरही कित्येक महिने वाट पाहावी लागते.