चाळीस दिवसांच्या थंडीची बेगमी

नळातले पाणी गोठते, महामार्ग बंद पडतो, शाळांना दोन-अडीच महिने कुलूप लागते. तरीही काश्मीर खोऱ्यातला संसार थांबत नाही. कारण या थंडीची तयारी तिथल्या गृहिणीने भर उन्हाळ्यातच सुरू केलेली असते.

काश्मीर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते दल सरोवरातले शिकारे, ट्यूलिपची बाग आणि गुलमर्गच्या बर्फात एकमेकांवर गोळे फेकणारे हौशी पर्यटक. चार दिवस बर्फ पाहून, फोटो काढून आपण परत येतो. पण ज्यांना त्याच बर्फात तीन महिने स्वयंपाक करायचा आहे, धुणे वाळवायचे आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचे आहे आणि मुलांचा अभ्यासही घ्यायचा आहे, त्यांचा हिवाळा कसा असतो?

काश्मिरी पंचांगात हिवाळ्याचेही हिशेब ठरलेले आहेत. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो ‘चिल्ले कलान’, म्हणजे चाळीस दिवसांची मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवसांचा ‘चिल्ले खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्ले बच्चा’. घरात जसा थोरला, मधला आणि धाकटा असतो, तसेच हे थंडीचे तीन भाऊ! त्यातला थोरला सर्वांत कडक. वर्षातली सर्वांत मोठी रात्र त्याच्याच वाट्याला येते. या काळात पडलेला बर्फ सहसा वितळत नाही, तो साठून राहतो आणि उन्हाळ्यात झरे-नद्यांना पाणी पुरवतो. २०२४ च्या डिसेंबरात तर श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. डिसेंबर महिन्यातली ती पाच दशकांतली सर्वांत थंड रात्र ठरली.

दारावर वाळवणाच्या माळा

आपल्या कोकणात मे महिना संपत आला की आगोटीची धांदल उडते. सुके मासे, तांदूळ, मीठ-मिरची, सरपण असे सारे पावसाळ्याआधी घरात येऊन पडते. देशावरच्या बायका कुरडया, पापड, सांडगे घालतात. काश्मिरी गृहिणीची तऱ्हाही हीच, फक्त तिची आगोट पावसासाठी नसून बर्फासाठी असते.

जुलै-ऑगस्टपासून खोऱ्यातल्या घरांच्या ओसरीवर आणि खिडक्यांवर भाज्यांच्या माळा दिसू लागतात. दुधी भोपळ्याच्या लांब फिती, वांग्याच्या चिरलेल्या फोडी, टोमॅटोचे काप, सलगमच्या चकत्या उन्हात वाळत असतात. या सुक्या भाज्यांना ‘होख स्युन’ म्हणतात. वांग्याला काश्मिरीत ‘वांगन’ हा शब्द आहे, हे ऐकून मराठी माणसाला नक्कीच घरच्यासारखे वाटेल. लहान मासेही वाळवून ठेवले जातात. बटाटे, गाजरे आणि सलगम यांच्यासाठी अंगणात खड्डा खणतात. वरून माती आणि गवत टाकले की आतले कंद गोठत नाहीत आणि लागतील तसे काढता येतात.

ही केवळ जुन्या चवीची हौस नव्हती. जम्मू ते श्रीनगर हा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा डोंगरी रस्ता म्हणजे खोऱ्याची अन्नवाहिनी. रामबन-बनिहालच्या पट्ट्यात दरड कोसळली किंवा बर्फ साचला की मालमोटारींची रांग लागते आणि श्रीनगरात भाजीचे भाव कडाडतात. आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०१७ साली चेनानी-नाशरी आणि २०२१ साली बनिहाल-काझीगुंड हे मोठे बोगदे खुले झाले. जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरला थेट रेल्वेही सुरू झाली. त्यामुळे ताजी भाजी हिवाळ्यातही मिळते. तरीही जुन्या बायकांची वाळवणे थांबलेली नाहीत. रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही आणि घरात चार माळा टांगलेल्या असल्या की जीवाला घोर नाही, हा त्यांचा साधा हिशेब आहे.

हिवाळ्याचे काही खास पदार्थही आहेत. ‘हरीसा’ हा त्यातला राजा. मटण आणि तांदूळ रात्रभर मंद आचेवर शिजवून, घोटून घोटून एकजीव केले जातात. श्रीनगरच्या जुन्या भागातल्या दुकानांपुढे त्यासाठी पहाटेपासून गिऱ्हाईक जमते. घरोघरी मात्र दिवसभर आधार असतो तो गुलाबी रंगाच्या खारट ‘नून चहा’चा.

फेरनच्या आतली शेगडी

थंडीशी झुंजण्याचे काश्मिरी माणसाचे खरे हत्यार म्हणजे कांगडी. आत मातीचे छोटे भांडे आणि बाहेर वेताप्रमाणे विणलेली टोपली, अशी ही हातात धरण्याजोगी शेगडी. चरार-ए-शरीफ आणि बांदीपुराच्या कांगड्या नावाजलेल्या आहेत. पायघोळ, ढगळ ‘फेरन’ अंगात घालायचा, हात बाह्यांतून आत ओढून घ्यायचे आणि कांगडी पोटाशी धरायची. निखाऱ्यांवर राख पसरली की ते हळूहळू फुलत राहतात आणि कित्येक तास ऊब देतात.

या कांगडीचा कोळसाही विकतच आणावा लागतो असे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिनाराची पाने लाल होऊन गळतात. आपण त्या पानांवर बसून फोटो काढतो, तर तिथल्या बायका तीच पाने झाडून, गोळा करून, पेटवून, वर पाणी शिंपडून त्यांचा कोळसा करतात. पर्यटकाचे सौंदर्य ते गृहिणीचे इंधन!

घरातली एखादी खोली गरम करायला ‘बुखारी’ असते. ही लोखंडी शेगडी लाकडावर किंवा रॉकेलवर चालते आणि तिचे धुराडे भिंतीतून बाहेर काढलेले असते. मशिदींत आणि ऐपतदार घरांत ‘हमाम’ असतो. त्यात दगडी फरशीखालच्या पोकळीत लाकडे पेटवतात आणि वरची सबंध जमीन तापते. आसपासची माणसे तिथे बसून गप्पा मारतात. विजेचे हीटर आणि ब्लँकेट आता सर्रास आले आहेत. पण इथली वीज मुख्यतः नद्यांच्या पाण्यावर तयार होते आणि हिवाळ्यात नद्यांचेच पाणी आटते. विजेची मागणी सर्वांत जास्त असते त्याच वेळी उत्पादन सर्वांत कमी, असा हा पेच आहे. साहजिकच वीज कपात होते आणि कांगडी पुन्हा कामाला येते.

मात्र या उबेची किंमतही आहे. वर्षानुवर्षे पोटाशी आणि मांड्यांशी कांगडी धरल्याने तिथल्या त्वचेला कर्करोग होतो, याची नोंद डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ सालीच केली होती. दुसरा धोका त्याहून झटपट आहे. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लॅस्टिक ठोकलेले असते. अशा बंद खोलीत शेगडी किंवा गॅसचा हीटर रात्रभर चालला तर हवेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला ना रंग, ना वास. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरात एकाच कुटुंबातले पाच जण भाड्याच्या घरात गुदमरून मरण पावले. त्यामुळे दर हिवाळ्यात डॉक्टर कळकळीने एकच गोष्ट सांगतात, झोपण्यापूर्वी शेगडी विझवा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा.

शाळा बंद, अभ्यासाचे काय?

मोठी माणसे थंडीशी जुळवून घेतात, पण खरा प्रश्न आहे मुलांचा. जम्मू-काश्मीरमध्ये शाळांचे दोन विभाग आहेत, उन्हाळी आणि हिवाळी. जम्मूच्या सपाटीवरच्या शाळांना आपल्यासारखी उन्हाळ्यात मोठी सुट्टी असते. काश्मीर खोऱ्यात आणि जम्मूच्या डोंगराळ भागात ती हिवाळ्यात मिळते. शेजारच्या हिमाचल प्रदेशातही हीच पद्धत आहे. खोऱ्यात बहुधा लहान मुलांचे वर्ग आधी बंद होतात, मोठ्यांचे मागाहून, आणि फेब्रुवारी संपता संपता घंटा पुन्हा वाजते. ऐन तेव्हा बर्फ पडला तर सुट्टी आणखी लांबते.

वार्षिक परीक्षा कधी घ्यावी हाही वादाचा विषय झाला आहे. पूर्वी ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई. मुले नव्या इयत्तेची पुस्तके घेऊन सुट्टीवर जात. २०२२ साली देशातल्या इतर भागांशी मेळ घालण्यासाठी परीक्षा मार्चवर नेली गेली. मग परीक्षेचे ओझे डोक्यावर घेऊन मुले गारठलेल्या घरात, वीज नसताना, अभ्यासाला बसू लागली. पालकांची नाराजी वाढली आणि २०२४ साली नववीपर्यंतच्या वर्गांसाठी जुनेच वेळापत्रक परत आणले गेले.

काश्मीरमधल्या पालकांना शाळेचा एकेक दिवस मोलाचा वाटतो, त्याला कारण आहे. सप्टेंबर २०१४ च्या महापुरात शाळा बुडाल्या. २०१६ च्या अशांततेत त्या महिनोन् महिने बंद राहिल्या. ऑगस्ट २०१९ नंतरही तेच झाले. हिवाळी सुट्टी संपून फेब्रुवारी २०२० अखेर वर्ग जेमतेम गजबजले, तोच मार्चमध्ये कोविड आला. ज्या मुलांनी इतके दिवस गमावले, त्यांना दरवर्षी अडीच महिन्यांची सुट्टी परवडेल का?

ज्यांच्या खिशात पैसे आहेत ते शहरातल्या हिवाळी शिकवण्यांना मुले पाठवतात. खेड्यातल्या मुलाला मात्र ती सोय नसते. म्हणून काही गावांत शिकलेले तरुण एखाद्या घरात शेजारपाजारची मुले गोळा करून शिकवतात. एका बुखारीभोवती तिसरीपासून आठवीपर्यंत सारे बसतात. एका शेगडीच्या सरपणात पंधरा मुलांचा अभ्यास होतो, हा हिशेबही कमी शहाणपणाचा नाही.

शाळाच उबदार का बांधू नयेत, असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे एक उत्तर लडाखमध्ये आहे. १९८८ साली सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकमॉल ही संस्था स्थापन केली. लेहजवळ फे या गावी तिची निवासी शाळा आहे. जाड मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडे मोठ्या काचा, अशी तिची रचना आहे. दिवसभराचे ऊन भिंती शोषून घेतात आणि रात्री परत देतात. बाहेर सारे गोठलेले असतानाही आत शेगडीवाचून राहता येते. पण ही युक्ती काश्मीर खोऱ्यात जशीच्या तशी चालणार नाही. लडाखचे आकाश हिवाळ्यातही बहुधा निरभ्र असते, खोऱ्यात मात्र ढग आणि धुके दिवसचे दिवस हटत नाहीत. तरीही जाड भिंती, दुहेरी काचा आणि छताखाली ऊब धरणारा थर एवढे जरी केले, तरी कितीतरी कमी इंधनात वर्ग भरवता येतील.

डोंगरापलीकडची गावे

श्रीनगरची थंडी सोपी वाटावी अशी गावेही आहेत. बांदीपुराच्या उत्तरेला, राझदान खिंडीपलीकडे गुरेझचे खोरे आहे. बर्फाने खिंड बंद झाली की तिथल्या गावांचा रस्ता आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने बंद राहतो. म्हणून सरकारी गोदामांत धान्य आणि औषधे आधीच भरून ठेवतात. घरोघरी चारा आणि लाकूडफाटा रचला जातो. अनेक कुटुंबे हिवाळ्यापुरती बांदीपुरात किंवा श्रीनगरात उतरून येतात. आरोग्य कर्मचारी बाळंतपण जवळ आलेल्या स्त्रियांची यादी करतात आणि त्यांना बर्फापूर्वीच इस्पितळाजवळ हलवतात. अडीनडीला हेलिकॉप्टर असते, पण हवा साफ असेल तरच.

पुष्कळ काश्मिरी पुरुष याच दिवसांत शाली आणि गरम कपड्यांचे गठ्ठे घेऊन मैदानी प्रदेशात फिरतात. मुंबई-पुण्याच्या दारांवर येणारा शालवाला आपल्याला परिचयाचा आहे. त्याच्याशी भावाची घासाघीस करताना एवढे ध्यानात ठेवावे की, मागे बर्फातले घर त्याची बायको एकटीने सांभाळत असते.

बर्फ हवा की नको?

एवढा त्रास देणारा बर्फ पडूच नये, असे या लोकांना वाटत असेल? मुळीच नाही! पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांचे अभिनंदन करतात. काळजी वाटते ती बर्फ न पडल्याची. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे कोरडी, तपकिरी राहिली होती. त्या वेळी हॉटेलवाल्यांइतकीच चिंता भाताच्या आणि सफरचंदाच्या शेतकऱ्यांना होती. हिवाळ्यातला बर्फ म्हणजे त्यांचे उन्हाळ्यातले पाणी. म्हणूनच मुसळधार पावसाने तारांबळ उडाली तरी पावसाला आपला शेतकरी जसा शिव्या देत नाही, तसेच काश्मिरी माणूस चिल्ले कलानला दूषण देत नाही. तो फक्त त्याच्या स्वागताची तयारी नीट करतो.

चौकट : थंडीत हे सांभाळा

महाबळेश्वरला सहलीला गेलात, नाशिकला राहत असाल किंवा नोकरीनिमित्त दिल्ली-सिमल्याला असाल, तरी या गोष्टी उपयोगी पडतील.

• कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका. गॅसचा हीटर झोपण्यापूर्वी बंद करा.

• गॅस गीझर असलेल्या न्हाणीघरात हवा खेळती हवी. शक्यतो गीझर बाहेर बसवा.

• शेगडीजवळ बसलेल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली, तर ती थंडी बाधली असे समजू नका. दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर आणा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

• लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या अंथरुणात निखाऱ्याची शेगडी कधीही ठेवू नका. गरम पाण्याची पिशवी चालेल, तीही कापडात गुंडाळून.

• एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले अधिक ऊब देतात.

• पाणी गोठणाऱ्या गावी नळाच्या नळीला गोणपाट गुंडाळा आणि रात्री पिण्याचे पाणी घरात भरून ठेवा.