जुन्या मारुती ८००चे पुढचे ब्रेक असमान का झिजतात?

मारुती ८००च्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. कॅलिपरचा पिस्टन आतला पॅड दाबतो आणि गाईड पिनांवर सरकणारे कॅलिपर बाहेरचा पॅड ओढून घेते. या पिना गंजल्या की आतला पॅड आधी संपतो. भिवंडीत अंजूरफाटा, माणकोली भागात कंटेनरांच्या रांगेत सतत ब्रेक लागतो, पावसाळ्यात खड्ड्यांतला चिखलही आत शिरतो. तिथे हा दोष लवकर दिसतो.

एकच चाक तापत असेल, तर गाडी जॅक लावून नीट स्टँडवर घ्यावी, ब्रेक दाबून सोडावा आणि चाक फिरवून पाहावे. अडकलेले चाक ब्लीड निपल सैल करताच मोकळे झाले, तर बहुधा होज आतून फुगलेला असतो. तरीही जाम राहिले, तर पिस्टन किंवा पिना. नुसते पॅड बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

गाडी स्टँडवर असतानाच चाकाचा खेळही तपासावा. चाक वर-खाली हलवताना खेळ जाणवला, तर ब्रेक दाबून पुन्हा हलवावे. खेळ थांबला तर बेअरिंग, कायम राहिला तर बॉल जॉइंट. आडवा खेळ बहुतेकदा टाय रॉड एंडचा. व्हील अलाइनमेंट या दुरुस्त्यांनंतरच करावे.