पांढरी बाटली

अंगणवाडीच्या पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर अठरा-वीस मुलं बसली आहेत. पुण्याच्या कडेची वस्ती. आईबाप बहुतेक बांधकामावर, काही नांदेडकडचे, काही यादगीर-कलबुर्गीकडचे, दोन घरं बिहारची. नेटवर्क मिळावं म्हणून सेविकाताई फोन खिडकीच्या गजाशी धरून पोषण ट्रॅकर ॲपवर हजेरी चढवते आहे. मदतनीस मावशी कोपऱ्यात मटकी निवडताहेत.

भिंतीवर ‘माझे कुटुंब’ हा छापील तक्ता. त्यातले बाबा गोरे, हातात बॅग. आई गोरी, हातात लाटणं. ताईनं आईशेजारी डोक्यावर घमेलं घेतलेल्या बाईचं कात्रण खळीनं चिकटवलं आहे. कागद फुगलाय, पण मुलं बोट ठेवतात ते तिथंच.

उड्यांचा खेळ सुरू होतो. मोजायला उभी आहे नुकतीच आलेली चार वर्षांची पोर. मराठी तिच्या तोंडात अजून बसलेली नाही, म्हणून ताईनं मोजणी तिच्याकडेच दिली आहे, तीही कानडीत. “ओंदु, एरडु, मूरु...” बाकीची मागून ओरडतात, ‘नाल्कु’ला अडखळतात, आणि ती कमरेवर हात ठेवून त्यांना पहिल्यापासून मोजायला लावते. मुलाच्या बाजूनं सुरुवात करायची ही रीत जुनी. १९४५मध्ये बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९७५च्या सरकारी योजनेनं ‘अंगणवाडी’ हे नाव घेतलं. मुलाच्या दारी जायची ती रीत सगळीकडे आली असं मात्र म्हणवत नाही. इथं आहे.

आता फेर धरायचा, आणि तिथं दुसऱ्या एका पोरीचं बिनसतं.

“मी न्हाई याचा हात धरनार. काळाय त्यो.”

“असं बोलू नये, पाप लागतं,” मावशी मटकीतून मान वर करतात. आपण सगळेच मोठे हेच म्हणतो. पोरगी गप्प होते, मत तसंच राहतं. कॅलिफोर्नियाच्या लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९च्या ‘अँटी-बायस करिक्युलम’मध्ये हेच मांडलं: रंग, बाई-पुरुष, अपंगत्व हे फरक मुलांना फार लवकर दिसतात, दटावून ते दिसायचे थांबत नाहीत. ताईनं ते पुस्तक पाहिलेलं नाही.

“हो, काळा आहे,” ती म्हणते. “आणि तू कसली आहेस गं?”

पोरगी स्वतःचा हात उलटसुलट करून बघते.

ताई ताटल्या मांडते: पिवळा, लाल, काळा, पांढरा. ज्यानं त्यानं आपल्या हाताचा रंग बनवायचा. आधी ती स्वतःचा बनवते आणि मनगटावर बोट ओढते. “अजून काळा टाक, ताई!” पोरं ओरडतात. ती टाकते. मघाचा तो मुलगा तिच्या ताटलीशेजारी आपला हात नेऊन धरतो, बराच वेळ बघतो, म्हणतो, “माझ्यात लाल बी हाय.” लाल घेतो. हात न धरणारी पोरगी पांढरा ओतते, परत पांढरा. मनगटावर गुलाबी पट्टा उठून दिसतो. तो ती फ्रॉकला पुसते आणि दुसऱ्याच मुलीशेजारी जाऊन बसते. फेर राहूनच जातो. ताई तिला बोलावत नाही. मला ते पटतं. चार वर्षांच्या जीवाकडून लगेच पश्चात्ताप वसूल करण्यात काय हशील?

“पांढरी बाटलीच आधी संपते, दरवेळी,” ताई मला सांगते.

उसळ खाऊन झाल्यावर त्या पोरीची आजी न्यायला येते. फ्रॉक बघून वैतागते. “हे काय गं ताई? मी रोज बेसन लावते हिला, जरा उजळंल म्हणून.”

“आजी, बेसनाची भजी करा की.”

आजी खळखळून हसते, नातीला कडेवर घेते. मग जाता जाता उंबऱ्यात थांबते. “तुमचं खरंय ओ. पण उद्या बघायला येनाऱ्यांना कोन सांगनार?”

ताईकडे उत्तर नाही. ती रिकामी बाटली खळखळून धुते आहे.